कायदा आणि कुटुंब : मोडके खेळणे जपून ठेवा



दिवाळी होऊन महिना लोटला असेल. एका संध्याकाळी आमच्या वाड्यातील जुन्या शेजारीण माझ्याकडे आल्या. आम्ही सारे त्यांना माई म्हणतो. त्यांच्या हातातील पिशवीत पुठ्ठ्याचे एक रिकामे खोके होते. ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, “वकीलसाहेब, ती मोटार मीच आणली होती हो. माझ्या या हातांनी आणली.”

हकीकत अशी. धनत्रयोदशीला माईंनी राजवाड्याजवळच्या एका दुकानातून नातवासाठी दिवे लागणारी, गाणे वाजविणारी मोटार १८० रुपयांना घेतली. नातू अडीच वर्षांचा. भाऊबीजेला ती मोटार फरशीवर आपटली आणि तिच्या पोटाखालचे झाकण उडाले. आतला नाण्यासारखा चपटा सेल बाहेर घरंगळला आणि मुलाने तो गिळला. कुणी पाहिले नाही. मुलाच्या तोंडातून लाळ गळू लागली, ते घास घेईना, तेव्हा घसा धरला असेल असे समजून घरच्यांनी रात्र काढली. सकाळी एक्स-रे काढला, तो अन्ननलिकेत अडकलेली गोल सावली दिसली. डॉक्टरांनी दुर्बिणीने सेल बाहेर काढला आणि मूल वाचले. परंतु रात्रभरात अन्ननलिका आतून भाजून निघाली होती. जखम भरताना ती आक्रसली. आता ठराविक दिवसांनी भूल देऊन ती रुंद करावी लागते. पेज आणि दूध यांखेरीज त्या मुलाच्या घशाखाली काही उतरत नाही.

खर्च दीड लाखाच्या वर गेला होता. पण घरात आणखी एक जखम चिघळत होती. भेटीला येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारी : मुलाकडे लक्ष कुणाचे होते? सून शाळेत शिक्षिका. बिनपगारी रजा घेऊन ती मुलाच्या उशाशी बसली होती. ती कुणालाच उत्तर देत नसे. माई स्वतःला दोष देत होत्या.

मी विचारले, “मोटार कोठे आहे?”

“मुलाने रागाच्या भरात दुसऱ्याच दिवशी कचरागाडीत टाकली.”

“पावती?”

“दुकानदाराने दिली नाही. मीही मागितली नाही.”

“मग हे खोके कसे राहिले?”

“वाती ठेवायला बरे, म्हणून मी ठेवून घेतले होते.”

त्या खोक्यानेच पुढचा मार्ग उघडला. तो मार्ग कोणता, हे आज सांगावयाचे आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने नावे दिलेली नाहीत.

प्रथम एक मूळ तत्त्व समजून घेऊ. समाज पहिला प्रश्न आईला विचारतो. कायद्याचा पहिला प्रश्न वस्तू बनविणाऱ्याला असतो : तू ही वस्तू कशी बनविलीस? हा प्रश्न विचारण्यास कायद्यालाही फार काळ लागला. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी एका उपाहारगृहात डोनोह्यू नावाच्या बाई आपल्या मैत्रिणीसह बसल्या होत्या. मैत्रिणीने पैसे देऊन त्यांच्यासाठी जिंजर बिअरची बाटली मागविली. बाटलीची काच गडद होती. काही पेय पोटात गेल्यावर उरलेल्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली आणि बाई आजारी पडल्या, अशी त्यांची फिर्याद होती. अडचण अशी की, त्यांनी स्वतः काहीच विकत घेतले नव्हते. ज्याच्याशी करार नाही त्याच्यावर दावा कसला, असा तेव्हाचा सर्वसाधारण युक्तिवाद होता. २६ मे १९३२ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला की, आपला माल अंतिमतः ज्याच्या ओठी जाणार आहे त्याच्याविषयी काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे, मग पैसे कोणीही दिलेले असोत. लॉर्ड ॲटकिन यांनी या संबंधाला ‘शेजाऱ्याचे’ नाते म्हटले : आपल्या कृतीने ज्याला इजा पोहोचेल हे आधी दिसू शकते, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी.

आपल्या देशात हे तत्त्व सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने. त्याच्या जागी २०१९ चा नवा अधिनियम आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. या नव्या अधिनियमाचे सहावे प्रकरण, कलमे ८२ ते ८७, केवळ ‘उत्पादन दायित्वा’स वाहिलेले आहे. सदोष वस्तूमुळे शरीरास इजा, आजार वा मृत्यू ओढवला, किंवा त्यासोबत मनस्ताप झाला, तर भरपाई कोणी द्यावयाची हे त्यात सांगितले आहे.

माईंची पहिली शंका अशी होती की, पैसे त्यांनी दिले, इजा नातवाला झाली. मग तक्रार कोणाची? अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा देखील ग्राहकच होय. म्हणजे ज्याच्यासाठी खेळणे आणले ते मूल ग्राहक आहे. मूल अज्ञान असल्याने त्याच्या वतीने आई, वडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करू शकतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्लीतील एका रुग्णालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, अशा प्रसंगी मूल आणि आईबाप दोघेही ग्राहक ठरू शकतात. मुलाला त्याच्या हानीबद्दल आणि आईबापांना त्यांच्या मनस्तापाबद्दल अशी स्वतंत्र भरपाई त्या निकालात कायम झाली. ते प्रकरण वैद्यकीय सेवेचे होते, खेळण्याचे नव्हे. पण त्यातील तत्त्व येथेही उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न : जबाबदार कोण? कलम ८४ प्रमाणे उत्पादक पाच कारणांनी जबाबदार ठरतो. वस्तू बनविताना दोष राहिला असेल. तिची रचनाच सदोष असेल. ठरलेल्या प्रमाणापासून ती ढळलेली असेल. दिलेल्या हमीप्रमाणे ती नसेल. किंवा योग्य वापराच्या सूचना व चुकीच्या वापराविषयीचा इशारा तिच्यावर पुरेसा नसेल. यांपैकी एक कारण सिद्ध झाले तरी पुरे. उत्पादक निष्काळजी होता हे वेगळे सिद्ध करण्याची अट या कारणांमध्ये घातलेली नाही. ज्याने स्वतः माल न बनविता दुसऱ्याच्या मालावर आपली छाप मारली, तोही येथे उत्पादकच धरला जातो.

माईंच्या खोक्यावर मात्र ना उत्पादकाचे नाव होते, ना आयात करणाऱ्याचे. परक्या लिपीतला मजकूर आणि रंगीत चित्र, एवढेच. अशा वेळी कलम ८६ मदतीस येते. विकलेल्या वस्तूचा उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, किंवा तो आपल्या देशाच्या कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर विक्रेता स्वतः जबाबदार ठरतो. विक्रेता या शब्दात आयात करणारा, वितरक आणि दुकानदार हे सारे येतात. “मी फक्त विकले, बनविले नाही,” हे दुकानदाराचे नेहमीचे उत्तर निनावी मालाच्या बाबतीत टिकत नाही. पावती न देणे ही देखील अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथा ठरविलेली आहे. तेव्हा पावती नाही म्हणून ग्राहकाने खचून जाऊ नये.

आता दोष कसा दाखवावयाचा? येथे खेळण्यांविषयीचा स्वतंत्र आदेश कामास येतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये काढलेला खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या वस्तूंवर त्यामुळे भारतीय मानक ब्यूरोची आय.एस.आय. खूण सक्तीची झाली. साध्या खेळण्यांसाठी आय.एस. ९८७३ आणि विजेवर वा सेलवर चालणाऱ्यांसाठी आय.एस. १५६४४ ही मानके आहेत. ही मानके म्हणजे नुसता कागद नव्हे. उदाहरणार्थ, तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा सुटा होणारा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठराविक नळीत पूर्णपणे मावता कामा नये. मावला तर तो मुलाच्या घशातही मावेल. तसेच अशा नळीत मावणारा छोटा सेल स्क्रू-चालकासारख्या हत्याराशिवाय हाती लागता कामा नये. माईंच्या मोटारीचे झाकण नुसत्या खाचेवर बसविलेले होते. दहा-वीस पैशांचा एक स्क्रू तेथे असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

हस्तकलेच्या खेळण्यांविषयी एक खुलासा केला पाहिजे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत धारकांना या आदेशातून सूट आहे. आपल्या इंदूरची चामड्याची खेळणी हा असाच निर्देशांक लाभलेला प्रकार होय. तेव्हा अशा खेळण्यावर खूण नाही म्हणून कारागिराला कुणी लगेच गुन्हेगार समजू नये. मात्र ही सूट केवळ खुणेपुरती आहे. वस्तू सदोष निघून इजा झाली, तर उत्पादन दायित्व कुणालाच चुकत नाही.

प्रतिपक्ष काय म्हणेल, याचाही विचार आधीच करावा. वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला होता, असे म्हणण्याची मुभा विक्रेत्याला कलम ८७ देते. जो धोका उघड वा सर्वांना ठाऊक आहे, त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. माईंच्या खोक्यावर एका कोपऱ्यात ‘३+’ असे छापलेले होते आणि मूल अडीच वर्षांचे. हा मुद्दा निश्चितच पुढे येईल आणि तो अगदीच पोकळ आहे असे मी माईंना सांगितले नाही. आमचे उत्तर असे की, खेळणे फरशीवर पडणे हा गैरवापर नव्हे, तो खेळच आहे. सेल हत्याराशिवाय हाती लागू नये हा नियम तीन वर्षांवरील मुलांच्या खेळण्यांनाही लागू आहे. आणि घरात तीन वर्षांचे मूल असते तेथे दोन वर्षांचेही असू शकते, हे खेळणी बनविणाऱ्याला कळावयास हवे. आयोग यांपैकी काय मानील, हे पुराव्यावर ठरेल.

तक्रार कोठे करावी? जिल्हा ग्राहक आयोगात. आपण जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच ती करता येते. उत्पादक मुंबईत वा दिल्लीत असला म्हणून तिकडे जावे लागत नाही. आमच्या मध्य प्रदेशात अर्ज हिंदीतून चालतो आणि ई-जागृति या जानेवारी २०२५ पासूनच्या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येतो. वकील नेमलाच पाहिजे असे बंधन नाही. आयोगाचा अधिकार आणि शुल्क ही दोन्ही मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तूसाठी दिलेल्या किमतीवर ठरतात. ५० लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला शुल्क मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये किमतीवर आधारलेली ही व्यवस्था वैध ठरविली. म्हणून १८० रुपयांच्या मोटारीबद्दल कित्येक लाखांची भरपाई मागावयाची असली, तरी ती जिल्हा आयोगात विनाशुल्क मागता येते.

मुदत मात्र कटाक्षाने पाळावी. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हावयास हवी. उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. तपासणीशिवाय दोष ठरविता येत नसेल तर आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे धाडतो. त्याचा खर्च तक्रारदाराने भरावयाचा असतो. कायद्याने निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने असे लक्ष्य ठेवले आहे. व्यवहारात याहून अधिक काळ जातो, हे अनुभवाने सांगतो. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

याखेरीज आणखी काही दारे आहेत. खूण नसलेला माल विकला जात असल्यास भारतीय मानक ब्यूरोकडे कळवावे. खूण असूनही माल मानकाप्रमाणे नसेल, तर परवानाधारकाने ग्राहकास भरपाई द्यावी अशी तरतूद ब्यूरोच्या २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये आहे. धोकादायक माल बाजारातून परत घेण्याचा हुकूम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. त्यामुळे आपल्या एका तक्रारीने अनोळखी घरांतील मुलेही वाचू शकतात. बेपर्वाईने दुखापत झाली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली आणि मृत्यू ओढवल्यास कलम १०६ खाली पोलिसांकडे फिर्याद करता येते. दिवाणी न्यायालयाचा मार्ग तर पूर्वीपासूनच आहे. तेथे अज्ञान मुलाला मुदत अधिनियमाच्या कलम ६ चे संरक्षण मिळते. त्याची मुदत तो सज्ञान झाल्यापासून मोजली जाते. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

एका मोहापासून मात्र सावध करतो. बोभाटा होईल या भीतीने दुकानदार पाच-दहा हजार रुपये पुढे करतो आणि ‘आता काही मागणे उरले नाही’ अशा कागदावर सही घेतो. मुलाच्या उपचाराला किती वर्षे लागतील हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, तेथे आपण पहिल्याच आठवड्यात हिशेब कसा मिटवावा? दिवाणी दाव्यात तर अज्ञान मुलाच्या वतीने तडजोड करावयास न्यायालयाची परवानगी लागते. या नियमामागचे शहाणपण ध्यानात घ्यावे आणि सल्ल्यावाचून कुठेही सही करू नये.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. इजा झाल्यावर प्रथम रुग्णालय, मग कायदा. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट पाहू नये, उलटी करवू नये, तत्काळ एक्स-रे काढून घ्यावा. अवघ्या दोन तासांत आतील भाग गंभीरपणे भाजू शकतो. जाताना खोके सोबत न्यावे. काय घडले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून कागदपत्रांत नोंदवून घ्यावे. बाहेर काढलेली वस्तू मागून घ्यावी किंवा ती जपून ठेवण्यास सांगावे.

मग घरी आल्यावर ते खेळणे. आपल्याकडे मनाची रीत अशी की, ज्या वस्तूने घात केला ती डोळ्यांसमोर नको. कुणी ती फेकतो, कुणी जाळतो, कुणी दुरुस्त करून माळ्यावर टाकतो. असे करू नये. ते मोडके खेळणे हाच पहिला साक्षीदार असतो. आहे त्या स्थितीत छायाचित्रे काढून, कापडात गुंडाळून, खोके, पावती, पैसे दिल्याची नोंद यांसह कुलपात ठेवावे. औषधांच्या पावत्या, प्रवासखर्च, बुडालेला पगार यांची तारीखवार वही ठेवावी.

माईंच्या हातून मोटार गेली होती. पण सारेच गेले नव्हते. खोके होते. सुनेच्या फोनमध्ये पाडव्याला मोटार हाती धरलेल्या मुलाचे छायाचित्र होते. डॉक्टरांनी तो सेल बाटलीत ठेवलेला होता. मी माईंच्या मुलाला त्याच दुकानात पाठविले. तीच मोटार अजूनही टांगलेली होती. त्याने आणखी एक विकत घेतली, या वेळी पावती मागून घेतली आणि न उघडता माझ्याकडे आणून दिली. तक्रार सुनेच्या नावाने, मुलाची आई म्हणून, दाखल झाली आहे. निकाल लागावयाचा आहे; तो काय लागेल ते आज कुणी सांगू नये.

सही करण्यापूर्वी त्या मुलीने मसुदा दोनदा वाचला. आरंभी मोटारीचे वर्णन आहे : झाकण कसे होते, स्क्रू कसा नव्हता, खोक्यावर काय छापले नव्हते. मुलाकडे लक्ष कुणाचे होते याचा उल्लेख त्यात नाही. तिने वर पाहिले आणि विचारले, “काका, एवढेच?”

मी म्हटले, “कायद्याला आधी एवढेच विचारावयाचे आहे.”

तिने सही केली. माई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन सुनेच्या पाठीवर हात ठेवला.